काळ्या पाण्याचं मीठ

कछुआडेरा, १९ जानेवारी २०२५

अक्का,

तुझं कार्ड कालच्या जहाजानं आलं. वर 'चि. राजू' नाही, खाली 'तुझी अक्का' नाही, मधे फक्त दोन वाक्यं. 'प्रतिभा मॅडमनी शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तुझा व्हिडिओ दाखवला. तू गेलास त्या दिवसापासून आईनं मीठ सोडलं आहे.' मी ते धक्क्यावर उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. शेजारचा चहावाला विचारत होता, पानीबाबू, घरी सगळं ठीक ना? मी म्हणालो, ऑफिसचं कार्ड आहे. बघ, खोटं बोलायला मला आता विचारसुद्धा करावा लागत नाही.

कालपासून तुला नऊ फोन केले. उचलले नाहीस ते बरंच केलंस. फोनवर मी गोडगोड बोलून सुटलो असतो. कागदावर तसं सुटता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी त्या व्हिडिओचं सांगतो. घोटाभर समुद्रात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, फुलाफुलांचा शर्ट घालून, हातात शहाळं घेऊन बसलेला पोटसुट्या माणूस मीच आहे. कलकत्त्याच्या कुणा पाहुण्यानं फोन पुढे करून विचारलं, दादा, इतक्या लांब तुम्हाला सजा म्हणून पाठवलं का? मी हसत म्हणालो, "सजा कैसी? मैं तो माँग के आया हूँ." ते वाक्यही माझंच. चौदा महिन्यांत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असेल, आणि तेही मी घरच्यांना सोडून एका परक्याला सांगितलं.

तुला माहीत नाही ते आता पहिल्यापासून लिहितो. पैनगंगेच्या काठावर पट्टी वाचून पाण्याचा आकडा लिहायची माझी नोकरी. दीड वर्षापूर्वी आमच्या खात्याचं परिपत्रक आलं की अंदमानातल्या एका बेटावर भरती-ओहोटीचा आकडा लिहायला माणूस पाहिजे, इच्छुकांनी दरखास्त द्यावी. आदिलाबादच्या ऑफिसात सगळे हसले. मी मात्र दुसऱ्याच दिवशी दरखास्त दिली. हेडक्लार्क तीनदा म्हणाले, सोच लो राजकुमार. तिन्ही वेळा मी म्हणालो, सोच लिया साब.

ऑर्डर हातात आली तेव्हा बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. चार वर्षं लकव्यानं पडलेल्या माणसाला उचलणं, धुणं, भरवणं मी केलं, आणि ते मनापासून केलं. तू रविवारी येऊन जायचीस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बाबांच्या तेराव्याला पंगतीतच सगळ्यांनी ठरवून टाकलं की राजूचं आता लग्न करायचं, आदिलाबादला खोली घ्यायची, आईला तिकडे न्यायचं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला मला जायचंय एवढं म्हणता येऊ नये, याची लाज तेव्हाही वाटली होती. आपल्या घरात बदली पडते, पाऊस पडतो, माणूस आजारी पडतो. सगळं आपल्यावर पडतं. मागत कुणीच काही नाही.

म्हणून तलमडुगूला घरी आलो, बूट काढता काढता म्हणालो, आई, काळ्या पाण्यावर बदली पडली. आमच्या ऑफिसात अंदमानला तेच म्हणतात, थट्टेनं. आईला ती थट्टा कळली नाही. ती चुलीपासून उठून माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, "काय गुन्हा केला रे तू?"

तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, साहेबाच्या डोळ्यावर आलो. मग काय, गावभर झालं. रुपाकाकू वाटेसाठी लाडू घेऊन आल्या. पांडुरंगराव आमदारांना भेटायला निघाले होते, त्यांना मीच थांबवलं, म्हणालो, राहू द्या काका, नशिबात आहे ते भोगतो. आणि ते लाडू मी चेन्नईपर्यंत मजेत खाल्ले.

मीठ सोडल्याचं मला कुणी का नाही सांगितलं, हे मी तुला विचारू शकत नाही. मला ते ठाऊक आहे. मी आधीच भोगतो आहे, त्यात आणखी ओझं नको, म्हणून तुम्ही दोघींनी लपवलंत.

राजू


कछुआडेरा, २८ जानेवारी २०२५

अक्का,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघायचं सोडणार नाही.

तुला वाटत असेल, असं काय आहे तिथं की हा आईला विसरला. विसरलो नव्हतो, पण ते असो. तुला खरं ते सगळं लिहायचं ठरवलं आहे, तर मजाही खरी लिहितो. मजा चोरून केली, निदान कबूल तरी उघड करावी.

बाजारातलं घड्याळ दहा वीसवर बंद पडलेलं आहे. दुकानदारांनी वेळ ठरवली आहे की दहा वीसला उघडायचं, त्यामुळे ते केव्हाही उघडतात आणि कुणी त्यांना उशीर झाला म्हणू शकत नाही. दुपारी बारा ते चार गाव झोपतं. पाचला सूर्य बुडतो, आठला गाव पुन्हा झोपतं. आठवड्यातून दोनदा जहाज येतं, आणि कुठलंही काम झालं नाही की 'जहाज नहीं आया' म्हणायचं. मास्तर हेच म्हणतो, लाइनमन हेच म्हणतो. एका लग्नात नवरदेव दोन तास उशिरा आला, तोही हेच म्हणाला, आणि त्याचं घर मांडवासमोरच होतं. एक तपकिरी कुत्रं सकाळच्या बोटीनं एकटं पलीकडच्या बेटावर जातं आणि संध्याकाळच्या बोटीनं परत येतं. तिकीटवाला त्याला कप्तान म्हणतो. न्हावी भरती चढत असतानाच केस कापतो, कारण ओहोटीला कापलेले केस परत उगवत नाहीत असं त्याचं मत. म्हणून तो रोज माझ्याकडे आकडा विचारायला येतो.

आकडा मी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा लिहितो. झालं माझं काम. पुनवेला समुद्र सगळ्यात लांब हटतो, दुपारी चारच्या सुमाराला मधला वाळूचा पट्टा उघडा पडतो. मग अख्खं गाव खुर्च्या, कॅरम, स्टोव्ह घेऊन तिकडे जाऊन बसतं. त्याला इथं सूखा मेला म्हणतात. परत कधी निघायचं हे फक्त मला माहीत असतं. मी शिट्टी मारली की बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडचे, सगळे खुर्च्या डोक्यावर घेऊन निघतात. आपल्या गावात मी सुधाकररावांचा मुलगा, तुझा भाऊ. इथं मी पानीबाबू, आणि पानीबाबू कुणाचाच कुणी नाही. अक्का, ते फार हलकं वाटतं. चौदा महिन्यांत माझं वजन नऊ किलो वाढलं.

बघ, परत रंगलोच. लिहिता लिहिता हसत होतो मी. शरमेचं माझ्याकडे हे असं आहे, ती येते, पण जरा उशिरा येते.

आणि याच काळात आईला मी काय लिहीत होतो? 'इथं टॉवर नाही म्हणून फोन लागत नाही.' माझ्या खोलीसमोरच टॉवर आहे. 'जेवण एक वेळ, तेही कच्चं.' 'साहेब फार कडक आहेत.' इथला साहेब मीच आहे, माझ्या हाताखाली एक शिपाई आहे आणि तो दुपारी खेकडे पकडायला जातो. मागच्या श्रावणात तू लिहिलं होतंस, आई विचारते की पाणी खरंच काळं राहते का, आणि जेवताना साखळी काढतात का. मी ते वाचून खो खो हसलो होतो. उत्तर काय दिलं आठवतं का? 'पाणी काळंच आहे. साखळीचं विचारू नका.' मला वाटलं, वा, काय छान लिहिलं.

आता कामाचं. सोबत आईसाठी वेगळं पत्र बंद करून ठेवलं आहे. त्यात लिहिलं आहे की मोठ्या साहेबांनी माझी शिक्षा माफ केली, आता मी इथं शिक्षेवर नाही, साध्या नोकरीवर आहे, तरी आईनं मीठ खायला हरकत नाही. तू ते वाचून दाखव. तिचा शब्दही राहील आणि तिचं मनही मोडणार नाही. खोटं आहे, पण हे शेवटचं.

राजू


कछुआडेरा, २१ फेब्रुवारी २०२५

अक्का,

आईसाठीचं पत्र तू न फोडता परत पाठवलंस. पाकिटावर मागे लिहिलेलं वाचलं. 'चौदा महिने तुझं खोटं मी माझ्या तोंडानं वाचलं. आई माझ्या तोंडाकडे बघून रडायची. आता खरं असो की खोटं, तुझ्या तोंडानं वाच.'

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आईला फसवलं हे मला माहीत होतं. पण दर महिन्याला शाळा सुटल्यावर तू आदिलाबादहून बसनं तलमडुगूला जायचीस, आईसमोर बसून 'साखळीचं विचारू नका' वाचायचीस, तिला समजावायचीस, स्वतः रडायचीस आणि शेवटच्या बसनं परत यायचीस. मी माझं खोटं तुला बोलायला लावलं. तू माझा फोन उचलत नाहीस ते आता मला पटलं आहे.

आणखी एक सांगतो, हसू नकोस. तुझं कार्ड आल्यावर मीही मीठ सोडलं होतं. ठरवलं, आई खाईपर्यंत मीही अळणी खाणार. पहिल्या दिवशी खानावळीच्या बंगाली मावशीनं विचारलं, बीपी झालं का? मी हो म्हणालो. हेही खोटंच. दुसऱ्या दिवशी भात गिळला. तिसऱ्या दिवशी डोकं दुखलं. चौथ्या दिवशी मावशीनं सुरमई तळली, तिचा वास आला आणि मी बसलो. दोन तुकडे खाल्ल्यावर आठवलं की मी व्रतावर आहे. मग तिसराही खाल्ला. आईनं चौदा महिने केलं ते मला चार दिवस झालं नाही, अक्का. इथं दोरीवरचे कपडे वाळले की मिठानं कडक होतात, ओठांवरून जीभ फिरवली तरी मीठ लागतं. इतक्या मिठात बसलो आहे मी, आणि माझी आई भाकरीशी अळणी भाजी खाते.

काल दाजींचा फोन आला. तू सांगितलं नसशील, त्यांनी आपणहून केला असेल. आई अंगणात चक्कर येऊन पडली, तुम्ही तिला आदिलाबादला दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले की अंगातलं मीठच कमी झालं आहे, असंच राहिलं तर भान जाईल, झटके येतील. हे सगळं मी उभ्यानं ऐकलं. सलाईन लावताना आईनं नर्सला विचारलं म्हणे, "बाई, ह्या पाण्यात मीठ तर नाही न?" नर्स बिचारी कौतुकानं म्हणाली, मिठाचंच पाणी आहे आजी. आणि आईनं सुई उपसून काढली. दाजी म्हणाले, आम्ही दोघांनी हात धरले तरी ऐकेना. एकच म्हणत होती, "पोट्टं काळ्या पाण्यावर सडून राह्यलं आन मी मीठ घेऊ? पोचम्मादेवीले बोलली हाय मी, राजू सुटून येईतोवर नाही म्हंजे नाही."

दाजी मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. फक्त शेवटी म्हणाले, राजूभाऊ, पाहा काय करता ते.

खरं सांगू? फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आईचा आला नाही. पहिला विचार आला की आता इथून जावं लागणार. तो आला आणि मग मला स्वतःची किळस आली. हे लिहिलं नसतं तरी तुला कळलं नसतं, पण न लिहून मी चौदा महिने काढले आहेत.

रजेची दरखास्त दिली आहे. पुढच्या जहाजानं निघतो.

राजू


जहाजावरून, ४ मार्च २०२५

अक्का,

चेन्नई अजून एक दिवस लांब आहे. हे पत्र तिथं उतरल्यावर टाकेन, म्हणजे माझ्या मागून पोचेल. तरी लिहितो, कारण तुला लिहिताना मला खोटं बोलवत नाही आणि ती सवय मोडायला नको.

निघताना धक्क्यावर बरेच जण आले होते. शिट्टी शिपायाकडे दिली. न्हाव्यानं विचारलं, परत कधी? मी नेहमीसारखं 'अगले जहाज से' म्हणणार होतो, पण म्हणालो, माहीत नाही. त्याला वाईट वाटलं. मलाही वाटलं. बेट दिसेनासं होईपर्यंत मी कठड्याला धरून उभा होतो आणि रडू आलं, ते आईसाठी होतं की बेटासाठी, मला नीट सांगता येत नाही. दोन्हीसाठी असेल. एवढंही तुझ्यापुढे लपवत नाही.

कालपासून एकच गोष्ट डोक्यात आहे. आईचा शब्द आहे, राजू सुटून येईतोवर. म्हणजे मी दारात उभा राहिलो की झालं. ती विचारेल, सुटला का? मी हो म्हणायचं. ती मीठ खाईल, बरी होईल, गाव मला हार घालेल, रुपाकाकू परत लाडू करतील. तलमडुगूत कुणाला कळणार नाही, आणि तू आईला सांगणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझ्या चांगुलपणाच्या भरवशावर मी आजवर किती गोष्टी निभावल्या, ते मोजत बसलो तर जहाज चेन्नईला लागेल.

तुझं ते परत आलेलं पाकीट माझ्या बॅगेत आहे. त्यातलं खोटं पत्र काल समुद्रात टाकलं आणि त्याच पाकिटात दुसरं लिहून ठेवलं. मागचं तुझं अक्षर पुढे धरून वाचणार आहे, म्हणजे वाचताना मला पळता येणार नाही. पण अक्का, माझा भरवसा धरू नकोस. दार दिसेपर्यंत मी काय करीन ते माझं मलाच माहीत नाही.

राजू


तलमडुगू, ९ मार्च २०२५

अक्का,

मी घरी आहे. तुझं घर वीस किलोमीटरवर आहे आणि मी तुला पत्र लिहितो आहे, कारण परवा दाजींच्या फोनवर तुझा आवाज मागून ऐकू आला, 'मी नाही बोलत म्हणावं.' दाजी येत्या फेरीला हे घेऊन जातील. काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितो.

शुक्रवारी दुपारी पोचलो. आई ओसरीवर कापसाच्या पोत्याला टेकून बसली होती. अक्का, तू दर महिन्याला बघत होतीस म्हणून तुला कळलं नसेल, पण ती अर्धी झाली आहे. उठताना भिंत धरून उठली. मला बघून आधी तिनं माझे पाय बघितले. घोट्यावर हात फिरवला, दोन्ही पायांना. साखळीचे वण शोधत होती. मग माझ्या पोटाकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "सुटला का रे?"

मी बॅग खाली ठेवली. तोवर रुपाकाकू आल्या, म्हणाल्या, "आता काय वैनी, पोरगं आलं, खा आता मीठ." त्या त्यांच्याच घरातून वाटीत मीठ घेऊन आल्या होत्या. ती वाटी आईच्या पुढ्यात ठेवली. आईनं पोचम्माच्या दिशेनं हात जोडले आणि चिमूट उचलली. बस, एवढंच बाकी होतं. मी काही न बोलता उभा राहिलो असतो तरी सगळं सुटलं असतं. मी खरंच तेवढा वेळ उभा राहिलो.

मग म्हणालो, आई, थांब. आधी ऐक. रुपाकाकूंना म्हणालो, काकू, तुम्हीही ऐका, लाडू तुमचे होते.

पाकीट काढलं आणि वाचलं. फार मोठं नव्हतं. की माझी बदली पडली नव्हती, मी मागितली होती. की पाणी काळं नाही, निळं आहे. की मला कुणी बांधलं नव्हतं. की मी तिथं सुखात होतो. की मी जे लिहीत होतो ते सगळं मनचं होतं आणि अक्काला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. हे शेवटचं मी दोनदा वाचलं. मधे थांबलो नाही. तुझं अक्षर समोर होतं.

रुपाकाकू उठून निघून गेल्या. वाटी तिथंच राहिली. आईच्या बोटांतली चिमूट तिनं परत वाटीत टाकली आणि हात पदराला पुसला. मग म्हणाली, "तुले शिक्षा नव्हती, चांगलं झालं. मंग शिक्षा कोनाले व्हती?"

तिनं ते रागानं विचारलं नव्हतं. हिशेब लागत नसला की माणूस दुसऱ्याला विचारतो ना, तसं विचारलं.

ती आत गेली. मी ओसरीवर बसून राहिलो. मला वाटलं आता ती मीठ कधीच खाणार नाही, निदान माझ्यासमोर नाही, आणि मी खरं बोलून तिला मारलं. चुलीचा धूर आला, भाकरी थापल्याचा आवाज आला. तासाभरानं तिनं दारातून एवढंच म्हटलं, हात धू.

ताटात ज्वारीची भाकर आणि बेसन होतं. ती माझ्यासमोर स्वतःचं ताट घेऊन बसली. मी घास घेतला. बेसनात मीठ नव्हतं. थोडं कमी असं नाही, मुळीच नव्हतं. इतक्या महिन्यांत तिचा हात विसरला असेल, की मुद्दाम टाकलं नसेल, मला अजून कळलेलं नाही. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मनात म्हटलं, हेच खायचं, आवाज न करता खायचं, माझी तेवढीच लायकी.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मीठ बराबर हाय न?"

अक्का, 'बराबर हाय' हे ओठांवर आलं होतं. तिला बरं वाटेल तेच बोलायची इतकी सवय. तो घास तोंडात तसाच धरून ठेवला, मग गिळला आणि म्हणालो, "नाही आई. मीठच नाही."

तिनं मिठाचा डबा फळीवरून काढला. हातावर मीठ देत नाहीत म्हणून तो दोघांच्या ताटांमध्ये जमिनीवर ठेवला. मी तरीही हात पुढे केला नाही.

"मंग मागाव न रे," ती म्हणाली. "मागितल्याबिगर कोन देते? तेव्हाबी मले मागितलं असतं, आई मी जातो, तर मी काय नाही म्हनली असती?"

मी म्हणालो, "आई, मीठ दे."

तिनं डबा माझ्याकडे सरकवला. मी घेतलं. मग तिनं तो आपल्याकडे ओढला, चिमूटभर मीठ आपल्या भाकरीवर टाकलं आणि खाल्लं. पहिल्या घासाला तिचं तोंड वाकडं झालं, म्हणाली, फारच खारं लागते. पण भाकर संपवली. काल सकाळीही खाल्लं, रात्रीही खाल्लं. आज भिंत न धरता अंगणापर्यंत गेली. डॉक्टरांकडे गुरुवारी नेणार आहे.

माझ्याशी ती कामापुरतं बोलते. रुपाकाकू बोलत नाहीत. पांडुरंगराव रस्त्यात भेटले, मी नमस्कार केला, ते दुसरीकडे बघून गेले. हे सगळं माझं आहे, मी घेतो. रजा महिनाभराची आहे. पुढे बेटावर जायचं की नाही ते ठरलेलं नाही, पण जायचं झालं तर यावेळी तिला विचारून जाईन, आणि ती नको म्हणाली तर नको हेही ऐकून घेईन.

तुझ्याकडेही मागायचं आहे. माफी नाही, तिची घाई करायचा मला हक्क नाही. येत्या रविवारी जेवायला ये. माझ्याशी बोलू नकोस, पण ये. आईच्या हाताला मिठाचा अंदाज अजून आलेला नाही, कधी नसतं, कधी फार पडतं. बरोबर झालं की नाही ते तिला तू सांगितलेलं खरं वाटेल.

राजू